सही न करणाऱ्या लांजेवार मावशी

लांजेवार मावशींची सही हवी असेल तर कागद सकाळीच नेऊन द्यावा लागे. दुपारी गेलात तर कॉलेज सुटायच्या आत तो परत मिळेल याची खात्री नसे. कागद कसलाही असो, फुटलेल्या काचसामानाची यादी, रजेचा अर्ज, होळीच्या सुटीची सूचना; त्या तो कोरड्या टेबलावर ठेवत, चष्मा लावत आणि पहिल्या ओळीखाली बोट ठेवून वाचायला लागत. ओठ हलत असत. बोट ओळीच्या शेवटी पोचलं की पुढच्या ओळीच्या सुरुवातीला येई. ऑफिसातला कोणी कंटाळून म्हणाला, "दीदी, बस साइन कर दो, रूटीन है," तर त्या बोट तिथंच दाबून मान वर करत आणि मराठीतच म्हणत, "वाचू दे. सही माही हाय." मग ती ओळ पुन्हा पहिल्यापासून.

भिलाईतल्या आमच्या सरकारी कॉलेजात त्या केमिस्ट्रीच्या लॅब अटेंडंट होत्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, साडीवर निळा एप्रन, आणि साडीच्या काठाला ॲसिडने पडलेली बारीक बारीक भोकं. त्या गोंदियाकडच्या. सातवी होऊन लग्न झालं आणि नवऱ्यामागे भिलाईला आल्या. मी त्याच कॉलेजात कॉमर्सची अतिथी व्याख्याता होते. अतिथी हा शब्द ऐकायला बरा वाटतो. त्याचा अर्थ इतकाच की दर उन्हाळ्यात नेमणूक संपते आणि पुढची होणार की नाही हे प्राचार्यांच्या शिफारशीवर ठरतं. माझे वडील रेल्वेत होते, मी वाढले चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत, आणि मराठी आमच्याकडे फक्त घरात बोलली जाई. कॉलेजात माझ्याशी मराठी बोलणारं माणूस एकच, लांजेवार मावशी. आम्ही दोघी हुडको कॉलनीत राहायचो, म्हणून संध्याकाळी त्या माझ्या स्कूटीवर मागे बसून घरी यायच्या. पिशवी मांडीवर, एक हात माझ्या खांद्यावर, आणि दिवसभराचं सगळं सांगणं कानाशी.

एकदा मी विचारलं की तुम्ही सुटीची सूचनासुद्धा एवढी वाचता कावून? सिग्नलवर थांबलो होतो. त्यांनी सांगितलं ते असं. त्यांचा नवरा हथखोजला एका छोट्या कारखान्यात वेल्डर होता. शेडवरून पडला. दवाखान्याच्या व्हरांड्यात एक माणूस कागद घेऊन आला आणि म्हणाला की हा हजेरीचा कागद आहे, सही करा. त्यांनी केली. नवरा चौथ्या दिवशी गेला. पुढे कुणीतरी तो कागद त्यांना वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं की माझा नवरा, सगळे नको म्हणत असताना, बेल्ट न बांधता आपल्या मर्जीने वर चढला.

"त्यानं माह्या हातानं लिहून घेतलं का माहाच नवरा चुकला," त्या म्हणाल्या. "अन् मी दवाखान्यात त्याच माणसाले चहा पाजत होती, तवाच."

त्यानंतर त्या बाहेरून दहावी झाल्या, मुलगी शाळेत असताना. मग ही नोकरी. हे सगळं त्यांनी रडून सांगितलं नाही, चिडून सांगितलं. त्यांचा राग जुना झालेला नव्हता. तो रोज वापरात असल्यासारखा ताजा होता.

त्या तक्रार समितीवर आल्या त्या एका सोयीमुळे. कॉलेजची तपासणी करायला बाहेरून टीम येणार होती आणि फायलींमध्ये एक फाईल अशी हवी होती की कॉलेजात लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी समिती आहे. नियमाप्रमाणे त्यात शिक्षकांबरोबर कर्मचारीही लागतात. प्राचार्यांनी विचारलं की बायकांमध्ये कोण कमी बोलतं, आणि कुणीतरी लांजेवार मावशींचं नाव सुचवलं. हिंदीत त्या खरंच कमी बोलत. इतिहासाच्या ज्येष्ठ मॅडम अध्यक्ष झाल्या. एका सामाजिक संस्थेच्या बाई बाहेरच्या सदस्य म्हणून लिहिल्या गेल्या. कार्यवाही लिहायला मला बसवलं, कारण माझं अक्षर चांगलं आणि मी नाही म्हणण्याच्या जागी नव्हते.

पहिल्या बैठकीत समोसे होते, फोटो होता आणि रजिस्टर होतं. मी ठराव लिहिला की समितीने आपली उद्दिष्टं समजून घेतली. रजिस्टर मावशींसमोर आलं. त्यांनी बोट ठेवून वाचलं आणि विचारलं की कोणती उद्दिष्टं, आणि तक्रार आली तर आपण करायचं काय? अध्यक्ष मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मी प्राचार्यांच्या बाबूकडे पाहिलं. कुणालाच माहीत नव्हतं. नियमांची पुस्तिका कपाटात होती, प्लास्टिकच्या वेष्टनासकट. मावशी ती घरी घेऊन गेल्या आणि पुढचे दीड महिने स्कूटीवर मला तिच्यातले शब्द विचारत राहिल्या. अंतरिम राहत म्हणजे काय, प्रतिवादी म्हणजे कोण. मी सांगायची, राहत म्हणजे निकालाआधीचा दिलासा, प्रतिवादी म्हणजे ज्याच्यावर तक्रार तो. कधी कधी मलाही घरी जाऊन बघावं लागे.

एके दिवशी त्या म्हणाल्या की तो समितीचा बोर्ड चुकीच्या जागी लावला आहे. बोर्ड प्राचार्यांच्या दाराशेजारी होता, काचेत, छान छापलेला, खाली आम्हा सगळ्यांचे नंबर. मी म्हटलं, यापेक्षा चांगली जागा कोणती?

"तिथं उभी राहून कोणती पोरगी नंबर उतरवीन? अख्खं ऑफिस पाहून राहते."

दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीचे कागद फाडून त्यावर मोठ्या अक्षरात नंबर लिहिले आणि मुलींच्या सगळ्या बाथरूमच्या दारांना आतल्या बाजूने चिकटवले. आत कडी लावल्यावर समोर दिसतील असे. प्राचार्य भडकले. तपासणी तोंडावर आलेली, आणि नवीन रंग दिलेल्या दारांवर डिंक. त्यांनी मावशींना बोलावून समजावलं. मावशींनी ऐकून घेतलं, कागद काढले, आणि टीम येऊन गेल्यावर पुन्हा लावले. या वेळी चिकटपट्टी स्वतः आणली.

त्या कागदांमुळेच दुलेश्वरी आली. हे तिचं खरं नाव नाही. अहिवाऱ्याहून रोज बसने येणारी, एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाची मुलगी. तिचा प्रोजेक्ट विभागप्रमुखांकडे होता. हे सर बोलायला गोड, विद्यार्थ्यांत लोकप्रिय, प्राचार्यांच्या बरोबरीचे. प्रोजेक्टची फाईल घेऊन ते तिला केबिनमध्ये बोलवत आणि दार लोटून घेत. आधी खांद्यावर हात, मग पाठीवर. मग मोबाईलवर मेसेज. मग प्रॅक्टिकलचे मार्क आपल्या हातात आहेत याची आठवण.

मावशींना हे अर्धवट आधीपासून ठाऊक होतं. एका दुपारी ॲसिडच्या मागणीच्या चिठ्ठीवर सही घ्यायला त्या केबिनमध्ये गेल्या, तेव्हा सरांनी मुलीचं मनगट धरलं होतं आणि ती ते सोडवत होती. मावशींना बघून त्यांनी हात सोडला आणि चिठ्ठीवर सही केली. त्या दिवसापासून मावशी दुलेश्वरी केबिनमध्ये गेली की पाठोपाठ काहीतरी घेऊन जात. कधी रिकामी बाटली, कधी तराजूचं वजन, ते बरोबर असतानाही तपासून घ्यायला. आणि निघताना दार सताड उघडं टाकत. सर ओरडत की दार लावा. त्या हो म्हणत आणि लावत नसत. पण लॅबमध्ये तीस मुलं असताना त्या किती वेळा जाणार? शेवटी त्यांनी मुलीला बाजूला घेऊन विचारलं. बस चुकेल म्हणत ती निघून गेली. आठ दिवसांनी तिने दारावरच्या नंबरवर फोन केला. मावशींच्याच.

तक्रार लिहिली गेली रिकाम्या स्टाफरूममध्ये. दुलेश्वरी छत्तीसगढी आणि हिंदी मिसळून बोलत होती, मध्ये मध्ये थांबत होती. मी लिहीत होते. मी लिहिलं की सर अनुचित व्यवहार करतात. मावशींनी कागद ओढून घेतला आणि विचारलं की हे ती कधी म्हणाली? मी म्हटलं, मावशी, अर्जात असंच लिहितात.

"मॅडम, तिनं हात कुठं ठेवला ते सांगतलं. तुम्ही व्यवहार लिहून राहिल्या. व्यवहार वाचून त्याले काय समजन? तिनं म्हटलं तेच लिहा."

त्या मला मॅडम म्हणाल्या म्हणजे चिडल्या होत्या. मी कागद बदलला. मुलीने पुन्हा सगळं सांगितलं आणि मी तिच्याच शब्दांत लिहिलं. मुलीने वाचून पाहिलं आणि मावशींसारखंच हळूहळू, नाव घालून सही केली. मला वाटलं होतं की आता कठीण भाग संपला.

पहिल्या सुनावणीला बाहेरच्या सदस्य बाई आल्या नाहीत. पुढच्या तारखेला सर ड्युटी लीव्हवर. त्याच्या पुढच्या तारखेला अध्यक्ष मॅडमचं ब्लड प्रेशर. मुलगी दर वेळी अहिवाऱ्याहून येऊन ऑफिससमोरच्या बाकावर बसायची. तिथून कॉलेजचं प्रत्येक माणूस जातं. तिसऱ्या वेळेपर्यंत सगळ्यांना कळलं होतं की ती तिथं का बसते. मुलं येता जाता बघायची. एका प्राध्यापकाने तिला सहज म्हणून विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. मावशी तिच्याशेजारी जाऊन बसायच्या, लॅबला कुलूप लावून. त्याबद्दल त्यांना मेमो मिळाला. मेमोही त्यांनी पूर्ण वाचला आणि मगच पोच दिली.

ज्या दिवशी एकदाची बैठक झाली, त्या दिवशी मावशींनी सुरुवातीलाच सांगितलं की मी स्वतः पाहिलं आहे. मनगट, चिठ्ठी, सगळं. अध्यक्ष मॅडमनी हात वर करून त्यांना थांबवलं. त्या म्हणाल्या की तुम्ही सदस्य आहात, सदस्य साक्ष देत नसतो, हे कार्यवाहीत येता कामा नये. आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मैडम, ये मत लिखिएगा।"

मी लिहिलं नाही. पेन उचलून धरलं आणि त्यांचं बोलणं संपायची वाट पाहिली.

मावशींनी मग पुस्तिका काढली. पेन्सिलीने खूण केलेलं पान उघडून त्यांनी आपल्या तुटक हिंदीत मागणी केली की चौकशी चालू आहे तोवर मुलीचा प्रोजेक्ट दुसऱ्या कुणाकडे द्या आणि तिची प्रॅक्टिकल या सरांनी घेऊ नये. नियमात हे होतं, स्पष्ट होतं. अध्यक्ष मॅडमनी ते प्राचार्यांकडे पाठवलं. प्राचार्य म्हणाले, देखते हैं. मावशी रोज अकरा वाजता त्यांच्या दारासमोर जाऊन उभ्या राहू लागल्या. आत बोलवलं तर जात, नाहीतर वीस मिनिटं उभ्या राहून परत. स्कूटीवर त्या मला विचारायच्या की हे पाहून राहिले म्हणते, पाहायले किती दिवस लागते? प्रॅक्टिकलची तारीख आली. सरांनीच परीक्षा घेतली. त्यानंतर पाच दिवसांनी आदेश निघाला की विद्यार्थिनीचं मूल्यांकन अन्य शिक्षकाने करावं. मी तो आदेश रजिस्टरला लावला. मुलीला प्रोजेक्टमध्ये काठावर मार्क होते. तिच्या बरोबरीच्या सगळ्यांना भरपूर.

अहवाल मी लिहिला नाही. तो तयार होऊन आला, टाईप केलेला. दीड पान. त्यात होतं की विद्यार्थिनी अभ्यासाच्या ताणाखाली होती, शिक्षकाच्या वडीलकीच्या वागण्याबद्दल तिचा गैरसमज झाला, आणि दोन्ही पक्षांना समझाइश देऊन प्रकरण संपवण्यात यावं. समझाइश, म्हणजे समजूत, हा आमच्याकडचा आवडता सरकारी शब्द आहे. जमिनीचं भांडण असो, नवरा-बायकोचं असो, समझाइश दिली की फाईल बंद होते. अध्यक्ष मॅडमनी सही केली. बाहेरच्या बाई त्या दिवशी नेमक्या आल्या होत्या, त्यांनी केली. बाकीच्यांनी केली. मग कागद माझ्याकडे आला. एप्रिल होता. नेमणुकीची शिफारस पुढच्या महिन्यात जायची होती. मी सही केली. मी कुणाकडे पाहिलं नाही, म्हणून त्या वेळी मावशी कुठे बघत होत्या ते मला सांगता येणार नाही.

त्यांच्यापुढे कागद गेला. बोट पहिल्या ओळीखाली आलं. पंखा फिरत होता, चहा निवला, बाहेरच्या बाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं. दीड पान वाचायला त्यांना पाऊण तास लागला. मग त्यांनी चष्मा काढला.

"यात पोरीनं सांगतलेलं कुठं हाय?"

त्यांनी पेन घेतलं आणि अहवालाच्या तळाशी, जिथं सहीची जागा होती तिथं, मराठीत लिहिलं: मी सही करत नाही. पोरगी खरं बोलली. मी माझ्या डोळ्याने पाहिलं आणि पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

अध्यक्ष मॅडम म्हणाल्या की हे मराठी आहे, शासकीय कागदावर चालणार नाही. त्यांनी नवा कागद काढून मला दिला आणि म्हणाल्या की याचं हिंदी करून जोडा. सगळे थांबले होते. मी लिहिलं: सदस्य श्रीमती लांजेवार प्रतिवेदन से असहमत हैं. इतकंच. हात आपोआप थांबला. मी स्वतःला सांगितलं की अर्थ तोच आहे.

मावशींनी ती ओळ वाचली. एकच ओळ, तरी बोट ठेवून. मग त्या माझ्याकडे वळल्या आणि हळू आवाजात, जसं घरी बोलतात तसं म्हणाल्या, "माह्या तीन गोष्टी होत्या. दोन कुठं गेल्या, पोरी?"

अध्यक्ष मॅडम म्हणाल्या, इतकं पुरे आहे. मावशींनी माझ्या हातातून पेन काढून घेतलं आणि माझ्या ओळीखाली स्वतः हिंदीत लिहायला बसल्या. एकेक अक्षर. लडकी सच बोला. मैं खुद देखी. पहला दिन बोली थी, लिखा नहीं. व्याकरण सगळं चुकलेलं. बाहेरच्या बाई किंचित हसल्या. मावशींनी खाली पूर्ण नाव लिहिलं, सुमन लांजेवार, प्रयोगशाळा परिचारक, आणि तारीख घातली.

त्या संध्याकाळी त्या स्कूटीवर बसल्या नाहीत. मी गेटपाशी थांबले होते. त्या समोरून गेल्या आणि शेअर ऑटोत बसल्या. पुढचे कितीतरी दिवस.

आठवड्याने त्यांना पत्र आलं की तुम्ही स्वतःला प्रत्यक्षदर्शी म्हणवता, प्रत्यक्षदर्शी सदस्य असू शकत नाही, म्हणून तुमचं सदस्यत्व रद्द. त्या पत्र घेऊन प्राचार्यांकडे गेल्या आणि म्हणाल्या की ठीक आहे, मग आता माझी साक्ष घ्या. त्यांना सांगण्यात आलं की चौकशी पूर्ण झाली आहे. सदस्य होत्या तेव्हा साक्ष देता येत नव्हती, साक्षीदार झाल्या तेव्हा चौकशी संपली होती. हे त्यांनी लॅबमध्ये, ऑफिसात, पाण्याच्या टाकीपाशी, भेटेल त्याला सांगितलं. लोक ऐकून घेत, मान हलवत, आणि वर्गावर जात. त्या एवढ्या हताश झालेल्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. एक दिवस लॅबच्या दारातून मी पाहिलं, त्या धुतलेल्या परीक्षानळ्या पुन्हा धूत होत्या, आणि नळ तसाच सुरू होता.

मुलीने वर अपील केलं. मावशींनीच तिला सांगितलं होतं की तसं करता येतं, पुस्तिकेत पान दाखवून. अहवालाची नक्कल मागवली गेली. त्या व्याकरण चुकलेल्या तीन ओळी अहवालाला जोडलेल्या होत्या, काढता आल्या नाहीत. एक महिला अधिकारी चौकशीला आल्या. त्यांनी मला एकटीला बोलावलं, समोर रजिस्टर ठेवलं आणि हिंदीत विचारलं की श्रीमती लांजेवार म्हणतात त्यांनी पहिल्या दिवशी हे सांगितलं होतं, पण तुमच्या कार्यवाहीत ते नाही. सांगितलं होतं का?

माझी नेमणूक तोवर झाली होती. हे सांगायला हवं, नाहीतर मी फार धीट वाटेन. मी म्हटलं, हो, सांगितलं होतं, मला लिहू नका म्हटलं गेलं आणि मी लिहिलं नाही. त्यांनी ते लिहून द्यायला सांगितलं. मी लिहून दिलं. या वेळी सगळं.

निकाल यायला पावसाळा गेला. मुलीचा प्रोजेक्ट बाहेरच्या परीक्षकाने पुन्हा तपासला आणि तिला चांगले मार्क मिळाले. तेवढं एक नीट झालं. सरांची बदली झाली. शिक्षा नाही, प्रशासकीय कारणावरून बदली, डोंगरगडकडच्या लाईनवरच्या एका गावी, तिथल्या कॉलेजात. आमच्याकडे त्यांचा निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ, भाषणं. मी मागच्या रांगेत बसले होते. मावशींना खुर्च्या मांडायला सांगितलं होतं. त्यांनी लॅबला कुलूप लावलं आणि बाहेर उन्हात कठड्यावर जाऊन बसल्या. समारंभ संपल्यावर मी त्यांच्याजवळ गेले. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच त्या माझ्याशी आपणहून बोलल्या.

"तिथं पोरी नाही का?"

मी म्हटलं, आपण एवढंच करू शकत होतो. त्या म्हणाल्या की हे आपण म्हणून राहिलो, म्हणूनच तेवढंच होऊन राहते. मग उठल्या, पिशवी घेतली आणि माझ्या स्कूटीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी चावी लावली. हुडकोपर्यंत त्यांचा हात खांद्यावर होता.

पुढच्या मार्चमध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या निरोपाला अर्धे लोक आले नाहीत. निवृत्तीनंतर महिन्याभराने त्यांनी मला फोन केला आणि एक काम सांगितलं. सरांची बदली झालेल्या गावच्या कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये कोण बाई आहे, तिचं नाव आणि नंबर काढून दे. मी ओळखीच्या एका शिक्षिकेकडून तो मिळवला. मावशींनी फोन लावला, त्या बाईने दोन वाक्यं ऐकली आणि ठेवून दिला. पुन्हा लावला, उचलला नाही. मला वाटलं प्रकरण इथे संपलं.

एका सकाळी मला भिलाईच्या पॉवर हाऊस स्टेशनवर वडिलांना गाडीत बसवायचं होतं. त्यांची गाडी गेल्यावर पूल उतरत होते तर दुसऱ्या फलाटावर मावशी दिसल्या. पिशवी, छत्री, पाण्याची बाटली. डोंगरगडकडे जाणारी लोकल यायची होती. मी धावत गेले आणि विचारलं, कुठे? त्यांनी त्या गावाचं नाव सांगितलं. मी म्हटलं, मावशी, ती बाई तुमचा फोनसुद्धा उचलत नाही.

"फोन कोन उचलते? समोर बसली तर बोलन ना. पाच वाजता तिची लॅब सुटते. गेटवर थांबतो मी."

मी म्हटलं की मी येते बरोबर. त्यांनी विचारलं, तुले क्लास नाही का आज? होता. साडेदहाचा. गाडी येताना दिसत होती आणि मी अजून ठरवत होते. त्यांनी माझ्या हातावर एकदा थोपटलं, जा, असं म्हणाल्या, आणि बायकांच्या डब्याकडे चालू लागल्या. त्या डब्यात कॉलेजच्या मुली खूप होत्या, पाठीवर बॅगा, त्या लाईनवर रोज ये-जा करणाऱ्या. मावशींना खिडकीजवळ जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेऊन त्या सरकल्या आणि उभ्या असलेल्या एका मुलीला हाताने खूण करून शेजारी बसवलं. मी खिडकीपाशी पोचले तेव्हा त्यांची पाठ माझ्याकडे होती. गाडी हलली. मोडक्यातोडक्या छत्तीसगढीत त्या तिला तिचं कॉलेज विचारत होत्या, "कोन कालेज म पढ़थस, नोनी?"